दोन शेगड्या

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि त्यासाठी लेकीला सातव्या महिन्यात आणायचं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली रीत. सावळारामने मात्र राहीला पाचव्या महिन्यातच उचलून आणलं. तिला आणायला तो तारापूरला गेला, अणुवीज केंद्राच्या कॉलनीत जावयाच्या क्वार्टरमध्ये दोन दिवस राहिला, आणि त्या दोन दिवसांत त्याने जे काही केलं ते ऐकून सिद्धगडाच्या पायथ्याचं सगळं गाव हसलं. घरून नेलेलं पाच लिटरचं कॅन त्याने पुरवून पुरवून वापरलं, तिकडच्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. भाताला नाही म्हणता येईना म्हणून भात जेवला, पण मासळीला हात लावला नाही.

"समुद्र त्यांच्या बाजूलाच हाय," परत आल्यावर तो पारावर सांगत होता. "मासा काय इचारून पोहतो?"

सावळाराम माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल मत बिघडायला वेळ लागणार नाही. चार एकर भाताचं रान, बैलजोडी, बायको सुंदरा आणि लग्नानंतर आठ वर्षांनी, नवससायास करून झालेली एकुलती एक राही, एवढाच त्याचा संसार. तरुणपणी दहा-बारा हंगाम त्याने ठेकेदाराकडे जंगलात कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. कुठलं लाकूड किती धुमसतं, कुठल्याचा कोळसा बिनधुराचा पेटतो, हे त्याला डोळे मिटून कळायचं. त्या कामावरून तो परत यायचा तेव्हा नखशिखांत काळा असायचा, आणि राही त्याला ओळखायची नाही, भोकाड पसरायची. मग तो आधी विहिरीवर जाऊन अंग घासायचा आणि मगच तिला उचलायचा.

साईनाथचं स्थळ त्यानेच पसंत केलं होतं. मुलगा खर्डीचा, आयटीआय झालेला, कायमच्या नोकरीतला, वर राहायला क्वार्टर. 'वीज बनवतो' एवढं सावळारामला कळलं होतं आणि तेवढं त्याला पुरलं होतं. पण ऐन मांडवात चुलतभाऊ मंगळू त्याच्या कानाशी लागला. "अणूची वीज हाय ती, सावळ्या. तिथं काम करणाऱ्यांना पोरं होत नाय म्हणतात." अक्षता पडायला दहा मिनिटं होती. सावळारामने काही केलं नाही, करण्यासारखं राहिलंच नव्हतं. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात जो किडा शिरला तो बाहेर निघाला नाही.

दोन वर्षं राहीला दिवस गेले नाहीत. गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्त फार कमी आहे, गोळ्या घ्या, पालेभाजी खा. सावळारामने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्याला कारण आधीच सापडलेलं होतं, आणि सापडलेलं कारण सोडायला माणूस सहजी तयार होत नाही.

राहीला मात्र तारापूर मानवलं होतं. गॅसची शेगडी, घरात नळ, आणि दिवे कधी जातच नाहीत, याचं तिला फार अप्रूप. "आये, माझा खोकला गेला बघ," ती सुंदराला सांगायची. लहानपणापासून चुलीपाशी बसून तिला जो खोकला लागला होता तो गॅसवर सहा महिन्यांत थांबला होता. सुंदरा पदराने डोळे पुसत हसायची. तिचे डोळे बारा महिने लाल असायचे.

मार्गशीर्षात साईनाथ दोन दिवसांची रजा काढून आला. वर्ष दोन हजार पाच. त्या वर्षी भारनियमन असं काही सुरू होतं की गावातली माणसं वेळ घड्याळावर नाही तर लाइटवर सांगायची. लाइट सकाळी दहाला गेली की चारला यायची, पुन्हा सहाला जायची. जेवणं झाली. ओटीवर सासरा-जावई बसले. राही दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, सातवा महिना भरत आलेला.

"मामा, राहीला आता घेऊन जातो," साईनाथ म्हणाला. "कॉलनीत दवाखाना हाय, डॉक्टरीणबाई हायेत. मामींना पण संगती पाठवा."

"बाळंतपण इथंच होईल. आन् मागनं सहा महिने ती इथंच राहील."

"कशापायी?"

"तुमच्या अणूपायी. एक गेलं पोटातलं. दुसरं जाऊ देणार नाय मी."

साईनाथ शांत डोक्याचा मुलगा. तीन वर्षांत त्याने सासऱ्याला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि आताही त्याचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "मी आत जातो तवा माझ्या छातीवर एक बिल्ला असतो, मामा. अंगावर किती किरणं पडली ती त्याच्यात उमटतात. शिफ्ट संपली की तो तिथंच ठेवून यायचा, दर महिन्याला तपासतात. ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर मला आत सोडत नाय. आमच्या घरापाशीचं पाणी तपासतात, मासळी तपासतात, दूध तपासतात. तुमच्या चुलीला हाय का असला बिल्ला? मामींच्या छातीत आजपावेतो किती धूर गेला तो कुणी मोजलाय?"

"धुरानं कोण मेलंय?"

"रोज मरतात. आपण त्याला धूर म्हणत नाय, एवढंच. दमा म्हणतो, म्हातारपण म्हणतो."

 सावळारामने दुसरा मुद्दा काढला. "वीज काय तुमच्यातच बनते? धरणात बनते की."

"बनते. मामींचं माहेर कुठं हाय, सांगा बरं."

 सुंदराचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं होतं. घर, विहीर, आंब्याची झाडं, सगळं. तिचे भाऊ कुठल्या कुठे पांगले होते आणि राखीला यायलाही त्यांना जमत नव्हतं.

साईनाथच पुढे बोलत राहिला. कोळशावर बनते, पण कोळशाच्या केंद्रापाशी दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी करडा होतो, असं त्याचा एक दोस्त सांगायचा. वाऱ्यावर बनते, उन्हावर बनते, पुढेमागे स्वस्तही होईल, पण श्रावणात ऊन कुठनं आणायचं आणि वारा पडला की काय करायचं? "आमच्याकडचं जळण मूठभर असतं, मामा. तेवढ्यात गावंच्या गावं उजळतात, रात्रंदिवस, पाऊस असो नायतर नसो. आन् धूर नाय. धोका तर सगळ्यातच हाय. काही धोके आपण मोजतो आन् काही मोजतच नाय, सवयीचे झालेत म्हणून."

"आन् राख?" सावळारामने विचारलं. "आमी चुलीतली राख केळीच्या बुंध्यात टाकतो. तुमी तुमची कुठं टाकता?"

 खोटं बोलायची साईनाथला सवय नव्हती. "ती टाकता येत नाय," तो म्हणाला. "थोडी असते, पण लय वर्षं सांभाळावी लागते. आपल्या नातवंडांच्या नातवंडांनीसुद्धा सांभाळायची. त्याचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नाय. आन् केंद्रासाठी पण गावं उठली, ते पण खरं."

"बघा!" सावळारामने मांडीवर थाप मारली. जणू खटलाच जिंकला होता. बाकीच्या दहा गोष्टी त्याने ऐकल्याच नव्हत्या. ही एक तो पुढे महिनाभर गावात सांगत फिरला. जावईच कबूल झाला, म्हणे.

"मला कुणी इचारलं का?" चौकटीतून राही म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. तिला जायचं होतं. ते तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की आंधळ्यालाही दिसावं. पण सावळारामने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "तुझ्याबिगर आमाला कोण हाय गो?" तो म्हणाला. एवढंच. राही नवऱ्याकडे बघून हसली, उगाचच, त्याची समजूत काढल्यासारखी. "राहते मी," ती म्हणाली. "पण सव्वा महिनाच, बाबा. मागनं एक दिवस जास्त नाय."

बापाचं मन राखण्यासाठी ती राहिली. या गोष्टीत खरी चूक कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी तिथे बोट ठेवीन, आणि ते बोट ठेवतानाही हात जड होतो, कारण प्रेमाशिवाय तिथे दुसरं काहीच नव्हतं.

माघात राही बाळंत झाली. सरळ, मुरबाडच्या दवाखान्यात, काही त्रास न होता. मुलगी झाली. गोरी, भरपूर जावळाची, दहा बोटं हाताची आणि दहा पायाची. सावळारामने ती दोनदा मोजली. साईनाथ येऊन एक दिवस राहिला, लेकीला मांडीवर घेऊन वेड्यासारखा बसला, आणि शिफ्ट होती म्हणून परत गेला. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या.

घराला सावळारामने त्याच वर्षी मागच्या अंगाला एक खोली काढली होती. विटांची, आतून-बाहेरून गिलावा केलेली, वर स्लॅब. बाकीचं घर जुनं, कुडाच्या भिंती आणि वर कौलं. पण जावई क्वार्टरमध्ये राहणारा, त्याने कौलाखाली का झोपावं, म्हणून ही खोली. गावात तशी खोली दुसरी नव्हती. बाळंतिणीसाठी तीच ठरली. एवढीशी खिडकी होती ती त्याने गोणपाट कोंबून बंद केली, दाराला दुपदरी गोधडी लावली. ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये.

आणि शेक. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, वर ओवा-शेपाची धुरी द्यायची, कंबर शेकून निघते, गारठा निघतो. सुंदराला असंच शेकलं होतं, तिच्या आईला, सासूला, सगळ्या गावाला. सकुबाई सुईण रोज सकाळी यायची, राहीला चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायची आणि बाजेवर निजवून जायची. पहिल्याच दिवशी सावळारामने तिला अंगणात गाठलं.

"सकुबाय, शेकानं अंगातलं सगळं निघतं ना गो?"

"निघतं की. वारा, गारठा, कळा, सगळं."

त्याला पाहिजे होतं तेवढं त्याने ऐकलं. सकुबाईला काय ठाऊक त्याच्या मनात काय आहे? तीन वर्षं पोरगी त्या अणूच्या शेजारी राहून आली. हाडीमासी काय काय शिरलं असेल. आता तिच्या अंगावर दूध पिणारं लेकरू आहे. जे काही असेल ते शेकून शेकून बाहेर काढायचं, हे त्याने ठरवून टाकलं. इतर बायकांना एक शेगडी, राहीला दोन.

"दोन कशाला?" सुंदरा म्हणाली. "पोर भाजून निघंल. एक पुरे."

"तुला नाय कळत. सांगतो तेवढं कर."

कोळसासुद्धा त्याने साधा आणला नाही. जंगलातल्या ओळखीच्या भट्टीवाल्याकडून ऐनाच्या लाकडाचा, खणखणीत वाजणारा कोळसा पोतंभर आणला, एकेक खडा निवडून घेतला. अर्धवट जळालेला एक तुकडा त्यात नव्हता. लेकीच्या डोळ्यांना धूर लागू नये, तिचा गेलेला खोकला परत येऊ नये, ही काळजी. आणि खरोखरच त्या शेगड्यांना धुराची रेघ नव्हती. लालभडक निखारे, स्वच्छ. बघून त्याला समाधान वाटायचं.

नवव्या दिवशी दहाला लाइट गेली. खोलीत अंधार झाला. सकुबाई न्हाऊ घालून गेली होती. राही कान बांधून, दोन घोंगड्या अंगावर घेऊन बाजेवर पडली होती. सुंदराने शेगड्या भरून बाजेखाली सारल्या, आणि बाळाची नाळ अंधारात दिसेना म्हणून त्याला तेल लावायला बाहेर ओटीवर उन्हात आणलं. लाइट असती तर तिने बाळालाही आतच चोळलं असतं.

थोड्या वेळाने आतून हाक आली. सावळाराम गेला.

"बाबा, डोकं लय दुखतंय. मळमळतंय. ती खिडकी उघडा ना जरा."

सावळाराम तिच्या उशाशी उकिडवा बसला. कपाळावरून हात फिरवला. मनातून तो हरखला होता, हे सांगायला नको वाटतं, पण खरं आहे. निघतंय, त्याला वाटलं. आत शिरलेलं निघतंय, म्हणूनच दुखतंय. "वारा लागंल गो," तो म्हणाला. "थोडी कळ काढ. निघून जाईल सगळं. झोप."

"बाबा, उघडा ना."

"झोप, माझे आये."

जाताना त्याने खिडकीतलं गोणपाट आणखी आत दाबलं आणि गोधडी नीट सारखी केली.

तास-दीड तासाने बाळ भुकेने रडायला लागलं. सुंदरा त्याला घेऊन आत गेली, आणि मग तिची जी किंकाळी आली ती मंगळूच्या वाड्यापर्यंत ऐकू गेली. राही झोपलेलीच होती. गाल लाल होते. आठवडाभरात ती इतकी चांगली दिसली नव्हती. त्या गालांमुळेच सावळारामला पटेना, जीपमध्ये मुरबाडपर्यंत तो तिचे तळवे चोळत होता आणि ड्रायव्हरला म्हणत होता, "रंग बघ, तिचा रंग बघ, कायपण झालेलं नाय."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, चिरफाड झाली, आणि मग त्यांनी सावळारामला एकट्याला आत बोलावलं. तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, खोलीत काय पेटवलं होतं? सावळारामने सांगितलं. खिडकी? बंद. भिंती कसल्या? विटांच्या. छत? स्लॅब.

"कोळशातून एक वायू निघतो, काका," डॉक्टर म्हणाला. "त्याला धूर नसतो, वास नसतो, दिसत नाही. कुडाच्या घरात, कौलाच्या फटींतून तो निघून जातो. तुमच्या खोलीला फटच नव्हती. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस झोपेत जातो."

सावळारामला तेव्हा भट्ट्या आठवल्या. भट्टी फोडताना कुणी फार वेळ वाकून राहिला की त्याचं डोकं दुखायचं, ओकारी यायची, तो भेलकांडायचा. 'ह्याला भट्टी लागली' असं म्हणून सगळे त्याला उचलून उघड्यावर, वाऱ्याला नेऊन टाकायचे. दहा-बारा हंगाम त्याने हे पाहिलं होतं. स्वतःच्या हाताने माणसं उचलून वाऱ्याला नेली होती. त्याला ठाऊक होतं. जंगलात ठाऊक होतं आणि घरात ठाऊक नव्हतं, असं कसं होतं कुणास ठाऊक, पण तसं झालं होतं. 

बाहेर आल्यावर सुंदराने विचारलं. तो म्हणाला, "हृदय बंद पडलं म्हणाले." साईनाथ तारापूरहून निघून, खर्डीहून आईला घेऊन रात्री पोचला, त्यालाही तेच सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं ते सावळारामला वाचता येत नव्हतं, आणि साईनाथने कागद मागितला नाही. बायको समोर निजलेली असताना कागद कोण मागतो?

पण बावीस वर्षांच्या पोरीचं हृदय बंद कसं पडतं, हे गावाला कारणाशिवाय पचेना. कारण हाताशीच होतं. अणूनं खाल्ली. दुसऱ्या दिवसापर्यंत ते नक्की झालं, पाचव्या दिवसापर्यंत खर्डीला पोचलं. साईनाथची आई छाती बडवून मुलाला म्हणाली, "सोड ती नोकरी." सावळाराम भिंतीला टेकून हे सगळं ऐकायचा. तोंड उघडावं असं त्याला रोज वाटायचं. मग समोर सुंदरा दिसायची, बाळाला वाटी-चमच्याने गाईचं दूध पाजत बसलेली. त्या दिवशी शेगड्या तिने भरल्या होत्या. तिला कळलं तर ती जगणार नाही, असं तो स्वतःला सांगायचा. ते खरंही होतं आणि त्याच्या सोयीचंही होतं.

बाराव्याला पाहुणे जेवून बसले होते. साईनाथ अंगणात सगळ्यांसमोर उभा राहिला. बारा दिवसांत त्याचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं.

"मामा, मी राजीनामा देतो," तो म्हणाला. "मी लय शहाणपणा शिकवला तुमाला. बिल्ला, तपासणी. पण माझंच काय तरी चुकलं असंल. माझ्या कपड्यातनं, माझ्या हातातनं काय तरी घरी आलं असंल. तुमी पहिल्यापासून सांगत व्हतां." त्याने सुंदराच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. "पोरीला मी तिकडं नेणार नाय. तुमच्यापाशीच ठेवा. मी तिला हात लावायच्या लायकीचा नाय."

मंगळू मान डोलावत म्हणाला, "आता कळलं म्हणायचं."

सावळारामच्या छातीत एक क्षणभर, एकच क्षण, आनंद उसळला. राहीची लेक त्याच्या घरी राहणार होती. त्याला तीन वर्षं जे हवं होतं ते सगळं जावई आपणहून त्याच्या पायाशी आणून ठेवत होता, आणि त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. मग त्याने साईनाथकडे पाहिलं. हा पोरगा आता जन्मभर स्वतःचे हात बघत जगणार. सावळाराम खांबाला धरून उठला.

"अणूनं नाय मेली ती," तो म्हणाला. "मी मारली."

कुणाला वाटलं, दुःखाने बडबडतोय. मंगळूने त्याचा दंड धरला, त्याने झिडकारला.

"डाक्तरनं सांगितलं मला. कोळशाचा वायू. खोली बंद, दोन शेगड्या. दोन कशाला, तर तुमचे किरण काढायचे व्हते मला तिच्या अंगातनं. तुमच्यातनं काय पण आलेलं नाय, साईनाथ. तुमी खरं बोललां व्हतां. तुमच्या इथं ती बरी व्हती, तिचा खोकला गेला व्हता. माझ्या घरी मेली. नोकरी सोडू नका. मी भरल्या शेगड्या, मीच ठेवल्या बाजेखाली."

"खोटं नका बोलू." ओटीवरून सुंदरा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "भरल्या मी. तुमी सांगितलं, आन् मी भरल्या."

साईनाथ एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "ती काय बोलली का? शेवटचं?"

सावळारामला इथे खोटं बोलता आलं असतं. तुमची आठवण काढली म्हणाला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"खिडकी उघडा म्हणाली," तो म्हणाला. "दोनदा."

"मग?"

"मी नाय उघडली."

 सुंदरा उठली, ओटीवरून खाली आली आणि बाळ साईनाथच्या हातात दिलं. "न्या," ती म्हणाली. "आजच न्या. मला आता हिला न्हाऊ घालायची भीती वाटंल." मग ती आत गेली आणि साईनाथच्या आईच्या मदतीने बाळाची दुपटी, झबली, दुधाची वाटी असं सगळं एका पिशवीत भरू लागली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि ज्यांनी सांगितलं ते म्हणतात, नंतरही फारसं कधी नाही.

जीप दारात आली. साईनाथची आई पुढे बसली. साईनाथ बाळ घेऊन निघाला तेव्हा सावळाराम फाटकापाशी उभा होता. त्याने विहिरीवर जाऊन हात धुतले होते, कोपरापर्यंत, साबण लावून. ते ओले हात त्याने पुढे केले.

"एकडाव देतां का?" तो म्हणाला. "लगेच परत देतो."

साईनाथ थांबला. त्याने त्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.